टाकीकाकांनी गृहीत धरलेली गोष्ट

माणसांची स्तुती करणं मला जमत नाही. एकतीस वर्षं डायलिसिस विभागात काढली, त्यातली सतरा मुख्य सिस्टर म्हणून, आणि एवढ्या काळात माझ्या तोंडून 'छान' हा शब्द ऐकलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पाठीमागे मला 'प्रेशर कुकर' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि माझी काही हरकत नव्हती. शिट्टी वाजली की निदान सगळे जागेवर तरी येत. तेव्हा आता मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, त्यांच्याबद्दल जे काही चांगलं लिहीन ते हात आखडूनच लिहिलंय असं समजावं.

त्यांना सगळे टाकीकाका म्हणत. काम पाण्याचं. डायलिसिसला पाणी लागतं हे रुग्णांच्या घरच्यांनाही माहीत नसतं. त्यांना वाटतं, मशीन रक्त धुतं म्हणजे आत काहीतरी औषध असणार. खरं तर एका बैठकीत शंभर-सव्वाशे लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यात राहिलं तर रक्तपेशी फुटायला लागतात. म्हणून आमच्या विभागाच्या मागे एक लांबट खोली होती. चार टाक्या, पंप, गाळण्या, भिंतभर पाइप आणि त्या सगळ्यांत काका. उंचीनं माझ्या खांद्याला लागत. आवाज इतका बारीक की पंप चालू असताना त्यांचे ओठ बघून समजून घ्यावं लागे.

पहिली पाळी सहाला सुरू व्हायची. काका त्याआधी पाऊण तास हजर. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब औषध टाकायचं, नळी पांढऱ्या भिंतीसमोर धरायची, रंग बघायचा आणि मग वहीत लिहायचं. तेवीस वर्षं रंग एकच यायचा, म्हणजे कसलाच नाही. तरी त्यांनी एक दिवसही नळी धरण्याआधी वहीत आकडा लिहिला नाही. मी एकदा घाईत होते, म्हणाले, "काका, रोज तेच तर असतं, लिहून टाका ना." त्यांनी नळी भिंतीसमोर धरली, पुरतं एक मिनिट बघत राहिले आणि मग म्हणाले, "सिस्टर, पाहिलं की धरून चाललो, यात फरक आहे." हा त्यांचा लाडका प्रश्न होता. नवीन मुलीनं येऊन सांगितलं, "काका, तीन नंबरला पाणी येत नाही," की काका विचारणार, "पाहिलंस की धरलंस?" मुली वैतागायच्या. मीही वैतागायचे, फक्त मोठ्यानं.

आता कॉम्प्युटरचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथं अडकलेली आहे.

चौदा वर्षांपूर्वी काकांनी पाण्याच्या नोंदींसाठी स्वतःपुरता एक छोटा प्रोग्राम लिहिला. कुठं शिकलात, असं विचारलं तर म्हणाले, "चुका करत करत." मी तो पाहिला आणि त्यांच्या मागे हात धुऊन लागले, की आमच्या रुग्णांच्या वजनाचंही असंच काहीतरी करून द्या.

ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांच्या अंगात पाणी साठतं. म्हणून डॉक्टर प्रत्येकाचं एक 'कोरडं वजन' ठरवून देतात, म्हणजे जादा पाणी सगळं काढल्यावर जे उरायला हवं ते. रुग्ण आला की वजन करायचं, त्यातून कोरडं वजन वजा करायचं, आणि जे उरेल तेवढं पाणी मशीननं काढायचं. कमी काढलं तर माणसाला धाप लागते. जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो. आमचा सगळा विभाग या एका वजाबाकीवर उभा होता.

काकांनी तीन आठवड्यांत प्रोग्राम दिला. प्रत्येक रुग्णाचं एक फोल्डर. प्रत्येक बैठकीनंतर त्यात एक फाइल, म्हणजे त्या दिवसाचा कागदच समजा. पुढच्या वेळी रुग्ण आला की प्रोग्राम ताज्या कागदावरून कोरडं वजन उचलून एक चिठ्ठी छापायचा, आणि त्याच वेळी स्क्रीनवर आजवरच्या सगळ्या कागदांवरून एक आलेख काढायचा. चिठ्ठीवरचा आकडा आलेखाच्या शेवटच्या ठिपक्याशी ताडून बघायचा आणि मगच मशीन लावायचं, असा नियम मी केला आणि भिंतीवर लावला. चौदा वर्षं गाडी सुरळीत चालली. काकांना त्याबद्दल एक कप चहासुद्धा कुणी पाजला नाही. मीही नाही.

हा सगळा कारभार ज्या कॉम्प्युटरवर होता तो पार थकला होता. पंख्याचा आवाज स्वागतकक्षापर्यंत जायचा. मग वरून हुकूम आला, की सगळ्या विभागांच्या फाइली एका नव्या मोठ्या सर्व्हरवर जाणार. एका रविवारी कंपनीचा इंजिनियर आला आणि सगळं उचलून तिकडे घेऊन गेला. जुना कॉम्प्युटर भंगारात जायचा तो काकांनी मागून घेतला आणि टाक्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. मी म्हणाले, "काका, तुम्ही काय काय जमवणार आहात?" ते नुसते हसले.

सोमवारपासून आमचे हाल सुरू झाले. चिठ्ठी पूर्वीसारखी झटक्यात यायची. पण आलेख, जो चार सेकंदांत यायचा, त्याला दीड मिनिट लागायला लागलं. दीड मिनिट ऐकायला काहीच नाही. पण सोळा खुर्च्या, तीन पाळ्या, दारात ताटकळणारी माणसं. पहिल्या दिवशी दुपारची पाळी चाळीस मिनिटं उशिरा लागली. दुसऱ्या दिवशी पाऊण तास. रुग्ण माझ्यावर चिडले, मी सगळ्यांवर चिडले.

काका मंगळवारी माझ्याकडे आले. "सिस्टर, हे नुसतं मंद झालंय असं मला वाटत नाही. कपाट बदललं की आतलंही काहीतरी हललेलं असतं. मला त्या सर्व्हरवर दोन दिवस बघू द्या." बघायला परवानगी लागत होती. काकांनी अर्ज दिला होता आणि अर्ज कुणाच्या तरी टेबलावर मुक्कामाला होता. मी तो पुढे ढकलू शकले असते. मी म्हणाले, "काका, कंपनीवाले बघतील. तुम्ही तुमचं पाणी बघा."

आणि बुधवारी सकाळी, सगळ्या मुलींसमोर, भर विभागात मी ओरडले, "आलेखाची वाट बघत कुणी उभं राहायचं नाही. चिठ्ठी घ्या आणि मशीन लावा!"

हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. नियम भिंतीवर होता, आणि तो मोडायचा हुकूम फक्त हवेत.

पुढच्या आठवड्यातला गुरुवार. आमच्याकडे एक पोहणं शिकवणारे सर यायचे. आजारानं त्यांचे रुंद खांदे पार खंगले होते, पण गेल्या वर्षभरात ते नीट जेवायला लागले होते आणि अंगावर दोन किलो मांस चढलं होतं. डॉक्टरांनी त्यांचं कोरडं वजन चोपन्नवरून छप्पन्न केलं होतं. आधीचे दोन आठवडे ते परगावी होते, डायलिसिसही तिथंच करून घेत होते. त्या दिवशी ते अठ्ठावन्न भरले. म्हणजे दोन लिटर काढायचे.

त्यांच्या खुर्चीवर चिमणी होती. नोकरीला लागून सात महिने झालेली, अंगानं काडी, चालताना पाय वाजत नसत, म्हणून चिमणी. तिनं चार लिटर लावले. लावण्याआधी विचारलंसुद्धा, "सर, आज चार लिटर कसं काय?" सर म्हणाले, "काल उकाडा केवढा होता ग, तांब्याच तोंडाला लावला." तिचं समाधान झालं.

तिसऱ्या तासाला सरांच्या पोटऱ्या वळायला लागल्या. मग जांभया, मग घाम, मग डोळे फिरले. रक्तदाब साठवर. चिमणीनं खुर्ची मागे पाडली, पाय वर घेतले, सलाइन सोडलं आणि ओरडून डॉक्टरांना बोलावलं. तिनं एकही पायरी चुकवली नाही, हे मी स्वतः पाहिलं. वीस मिनिटांनी सर शुद्धीवर आले आणि त्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं? "सगळी पोरं पाण्याबाहेर आली का?" आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सरांना दोन-तीन दिवस वॉर्डात ठेवलं.

मग चौकशी सुरू झाली. मोठ्या डॉक्टरांनी चिमणीला समोर उभं करून सरांचा आलेख उघडला, दीड मिनिट थांबले आणि शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. छप्पन्न. "मग तू चोपन्न कुठून आणलंस?"

"चिठ्ठीवर चोपन्नच होतं, सर."

चिठ्ठी बैठक संपल्यावर नळ्यांबरोबर कचऱ्यात जायची. ती केव्हाच जाळायला गेली होती. आलेख छप्पन्न सांगत होता आणि मुलगी चोपन्न सांगत होती. कुणावर विश्वास बसणार? मलाही वाटलं, घाईत चुकीचं वाचलं असेल. मी अहवाल लिहायला घेतला. "कोरडे वजन आलेखाशी न पडताळता मशीन लावले." वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्याच्याआधी जे वाक्य यायला हवं होतं ते मी लिहिलं नाही. पेन तिथं अडलं आणि मी ते पुढे ढकललं.

मंगळवारी अकरा वाजता चौकशीची बैठक ठरली. दोष सिद्ध झाला तर चिमणीची नोकरी जाणार होतीच, पण प्रकरण पुढे परिचारिकांच्या परिषदेकडे जाणार होतं. तिथं नाव कटलं की कुठल्याच रुग्णालयाचं दार उघडत नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षी तिचा पेशाच संपला असता. ती शुक्रवारी, शनिवारी कामावर आली, मान खाली घालून काम केलं आणि गेली. "मोठ्या ताई, तुम्हीच तर सांगितलं होतं," असं ती मला एकदा जरी म्हणाली असती तर मी कदाचित तिच्यावर खेकसले असते आणि मोकळी झाले असते. ती काही बोललीच नाही.

रविवारी विभाग बंद असतो. काका त्या दिवशी सगळे पाइप औषधानं धुऊन काढत. मी अहवाल पुरा करायला आले होते. काकांनी मला टाक्यांच्या खोलीत बोलावलं. काकू डबा घेऊन आल्या होत्या आणि पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. काकू कपडे शिवायच्या. दोन खोल्यांच्या घरात एक खोली त्यांच्या मशीनची. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच राहिली होती.

"सिस्टर," काका म्हणाले, "सरांची चिठ्ठी गेली. पण दुसरी काढून बघितली का कुणी?"

चार डॉक्टर, एक अधीक्षक, एक मी, सगळ्यांनी आलेख बघितला होता. चिठ्ठी पुन्हा छापून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळे चिठ्ठीवर काय असणार ते धरून चालले होते.

पाण्याच्या नोंदींचा कॉम्प्युटर आता सर्व्हरला जोडलेला होता; मी त्यात माझा पासवर्ड घातला आणि काकांनी सरांचं नाव उघडून बटण दाबलं. छोट्या प्रिंटरनं जीभ बाहेर काढावी तशी चिठ्ठी बाहेर काढली. चोपन्न. त्यांनी पुन्हा दाबलं. चोपन्न. मी दोन्ही चिठ्ठ्या उचलून शेजारी शेजारी धरल्या. मुलगी खरं बोलत होती.

मी लगेच तोंडाचा पट्टा सोडणार होते, पण काकांनी हात वर केला. त्यांनी आणखी दहा रुग्णांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि मला आलेख उघडायला लावले. दर वेळी दीड मिनिट. सात जणांचा आकडा बरोबर, तिघांचा चुकलेला. एकाचा पाव किलोनं, दोघांचा अर्ध्या किलोनं. ज्यांचं वजन वर्षानुवर्षं तेच होतं त्यांना कुठला का कागद उचलेना, आकडा तोच येत होता. म्हणून दोन आठवडे कुणाला पत्ता लागला नव्हता; पहिल्या दोन दिवसांत ताडताना पाव-अर्ध्या किलोचा फरक गर्दीच्या रेट्यात नजरेतून सुटला, आणि बुधवारपासून तर ताडणंच बंद. ज्याचं वजन बदललं होतं तोच नेमका सापडायचा.

मग त्यांनी सरांचं फोल्डर जुन्या कॉम्प्युटरवर घेतलं. धापा टाकत तो सुरू झाला. तिथं चिठ्ठी आली छप्पन्न.

"कागद तेच, प्रोग्राम तोच," काका म्हणाले. "फरक फक्त कपाटाचा." कागद लावून ठेवायची आणि मागितले की काढून द्यायची प्रत्येक कॉम्प्युटरची आपली एक व्यवस्था असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. सर्व्हरबरोबर ती व्यवस्थाही बदलली होती. त्यांनी दोन्हीकडे नुसती फाइलींच्या नावांची यादी मागितली. नावं तारखेची होती, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. काकांचे डोळे बारीक अक्षरांना दाद देत नव्हते, म्हणून काकू वाचायला बसल्या.

जुन्या कॉम्प्युटरची यादी त्यांनी शाळेत पाढे म्हणावे तशी वाचली. वर्षामागून वर्ष, महिन्यामागून महिना. शेवटी गेला गुरुवार. मग त्या नव्या यादीकडे वळल्या आणि चौथ्या नावाला थांबल्या. "हे काय हो? दोन वर्षांपूर्वीचा मार्च, मग परवाच्या गुरुवारचा, मग एकदम पहिल्या वर्षातला. कुणी पत्त्यांसारखी पिसली काय ही यादी?" शेवटचं नाव तेरा महिन्यांपूर्वीचं होतं. काकांनी ती फाइल उघडली. कोरडं वजन चोपन्न.

काकू बोलल्या, डब्याचं झाकण उघडत. "माझ्या कपाटात तयार कपडे असतात ना, ताजे सगळ्यात वर. एकदा धाकट्या जावेनं कपाट आवरलं, तर तिनं मापाप्रमाणे लावले. सुरेख लावले होते, तिचं काही चुकलं नाही. मी मात्र सवयीनं सगळ्यात वरचा उचलला आणि गिऱ्हाइकाच्या हातात दुसऱ्याच बाईचा झगा दिला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खाऊन घ्या दोघं, गार होईल."

काकांनी त्यांचा जुना प्रोग्राम उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. यादी माग आणि तिच्यातलं शेवटचं नाव उचल. एवढंच लिहिलंय मी. तारखेप्रमाणे लाव, हे सांगितलंच नाही. आलेखाला सांगितलंय, म्हणून आलेख बरोबर येतो. चिठ्ठीला नाही सांगितलं. जुनी व्यवस्था नावं ओळीनं लावूनच द्यायची, मला वाटलं तसंच असतं." मंदपणाचं मूळही तिथंच निघालं. आलेखासाठी प्रोग्राम एकेक करून सगळे कागद उघडायचा, सरांचे तर नऊशेच्या वर. पूर्वी ज्या क्रमानं ठेवलेले, त्याच क्रमानं हाताशी यायचे. आता यादीच विस्कटलेली, म्हणून प्रत्येक कागदासाठी डिस्कच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धाव. दीड मिनिट त्या धावपळीत जायचं. आणि त्या दीड मिनिटाला कंटाळून आम्ही जी एक गोष्ट बघायची सोडली होती, नेमकी तीच आम्हाला चूक दाखवणार होती.

काकांनी चष्मा काढला. "तेवीस वर्षं लोकांना विचारतोय, पाहिलंस की धरलंस," ते म्हणाले. "आणि स्वतः चौदा वर्षं धरून चाललो." मी त्यांना इतकं खजील झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

मला मात्र हायसं वाटत होतं. "म्हणजे सर्व्हर बदलल्यामुळे झालं सगळं! सुटली पोरगी."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "आलेख का नाही बघितला तिनं?"

"मंद होता," मी म्हणाले.

"हं," काका म्हणाले. टाक्यांची खोली आणि विभाग यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही पातळ. माझा आवाज कसा आहे ते मी वर सांगितलंच आहे. काकांनी पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मी हुकूम सोडला, आलेख आल्याशिवाय कुणीही मशीन लावायचं नाही, उशीर झाला तर होऊ दे. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मी लगबगीनं माझ्या टेबलाशी गेले.

मंगळवार, अकरा. मोठ्या डॉक्टरांची खोली. ते स्वतः, कंपनीचा इंजिनियर, मी, काका आणि दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला चिमणी. काकांनी दोन चिठ्ठ्या आणि दोन याद्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्या बारीक आवाजात दहा मिनिटांत सगळं सांगितलं. इंजिनियरच्या कपाळावर घाम आला. मोठे डॉक्टर हुशार माणूस, त्यांना पटकन कळलं.

"ठीक," ते म्हणाले. "म्हणजे दोष नव्या सर्व्हरचा. तसं लिहून टाकू. कंपनी दुरुस्त करेल. विषय संपला."

किती सोपं होतं ते. काकांनी नुसतं गप्प बसायचं होतं. इंजिनियर नवखा होता, त्याच्यानं 'नाही' म्हणवलं नसतं. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि त्यांच्या कामाच्या फाइलीत आजवर एक डाग नव्हता.

"नाही, डॉक्टर," काका म्हणाले. "सर्व्हरनं क्रमानं देईन असं कधी म्हटलं नव्हतं. ते मी धरलं. ओळ माझी आहे, चूक माझी आहे."

"अहो, पण सर्व्हर बदलला नसता तर झालं नसतं ना?"

"नसतं झालं. चूक तरी तिथंच असती, झोपलेली. तुम्ही सर्व्हर असं लिहिलंत तर सगळे म्हणतील, कंपनी बघेल. क्ष-किरण विभागातही असेच जुने प्रोग्राम आहेत, औषधांच्या खिडकीवर आहेत. त्यांच्यात कुणी काय धरलंय ते उघडून बघायला हवं. आज माझं नाव लिहिलंत तरच कुणी उघडेल."

डॉक्टर जरा तापले. "तुमच्या फाइलीत याची नोंद होईल. प्रोग्रामला पुन्हा हात लावता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय. लिहा."

ती नोंद झाली आणि काका पुढची दोन वर्षं फक्त पाणी बघत राहिले. औषधांच्या खिडकीवरच्या प्रोग्राममध्ये तशाच दोन जागा निघाल्या, कुणाला काही व्हायच्या आत. काका खुर्चीखुर्चीशी गेले, तिन्ही पाळ्यांना, आणि प्रत्येक रुग्णाला हात जोडून सांगितलं, की दोन आठवडे तुमचा आकडा चुकीच्या कागदावरून आला असेल, तो प्रोग्राम माझा होता. असं मी माझ्या उभ्या आयुष्यात कुणाला करताना पाहिलेलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या खोलीत अजून काम संपलं नव्हतं.

डॉक्टर चिमणीकडे वळले. "प्रोग्राम चुकला, मान्य. पण प्रोग्राम चुकू शकतो म्हणूनच तर आलेख ताडून बघायचा नियम आहे. भिंतीवर लावलाय. तू तो पाळला नाहीस आणि एक माणूस मरता मरता वाचला. का नाही पाळलास?"

चिमणी बुटांकडे बघत राहिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चुकलं, सर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझा अहवाल पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

मी शूर बाई नाही. आरडाओरडा करणारी आहे, ती गोष्ट वेगळी. मला सतरा वर्षांची ती खुर्ची प्रिय होती आणि कुणी मला काही विचारलंही नव्हतं. पण माझ्या शेजारी एक बुटका माणूस बसला होता, ज्यानं आत्ताच, सगळ्यांसमोर, हातात आलेली सुटका परत केली होती. माझ्याबद्दल त्याला सगळं माहीत होतं आणि तो त्यातलं अक्षरही बोलणार नव्हता. तो त्याचं तेवढं सांगून, मांडीवर हात ठेवून शांत बसला होता. त्याच्या शेजारी बसून गप्प राहणं मला झेपेना.

"सर, थांबा," मी म्हणाले. "आलेख बघू नका असं मी सांगितलं होतं. भर विभागात, ओरडून. अहवालात ते मी लिहिलं नाही."

पेन थांबलं. मग दाराजवळून आवाज आला, म्हणून मी मान वळवली. पाच दिवसांत एकदाही न रडलेली ती मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती.